पाण्याची स्तुती

१८ जुलै २०२५, शुक्रवार

ठरलं एकदाचं. इथल्या, कुवेतच्या मराठी मंडळाच्या रौप्यमहोत्सवात मी सिराज बाख्तरीचं आयुष्य उभं करणार. तासाभराचं अभिवाचन, लेखन माझं, वाचन माझं. राजाभाऊ, म्हणजे आमचे अध्यक्ष, फोनवर म्हणाले, "वा वा, नवीन काहीतरी!" आणि लगेच, "कोण हो हा?"

कोण हा? आठ-नऊशे वर्षांपूर्वी खोरासानातल्या एका अमिराचा दरबारी कवी. विणकराचा मुलगा. अमिराच्या लढाया, शिकारी, त्याच्या मुलांचे जन्म, घोड्यांचे मृत्यू, सगळ्यांवर कविता करायच्या आणि पोट भरायचं. पुढे अमिराने डोंगरातलं पाणी शहरात आणायला जमिनीखालून कालवा खणायला घेतला. घाई केली. कालवा ढासळला, खणणारी माणसं आत गाडली गेली. पाणी मात्र आलं. अमीर म्हणाला, यावर कसीदा, म्हणजे माझी स्तुतीकविता, लिही. सिराज म्हणाला, नाही. त्याला किल्ल्यात कोंडलं. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात पानभर एवढीच गोष्ट आहे. त्या 'नाही'ने मला पकडून ठेवलंय.

कविता मुळातून वाचायच्या म्हणून ताहिराबाईंकडे फारसी शिकते आहे. इथल्या शर्क भागातल्या मासळी बाजारात पापलेटच्या भावावरून आमची ओळख झाली. निवृत्त शिक्षिका आहेत, नागरिकत्व कुवेतचं, पण आजोबा पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने आले, म्हणून घरात अजून फारसी. त्यांचा नियम असा, की धडा झाला की घरी जाऊन त्यावर स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहायच्या. म्हणून ही रोजनिशी.

नवऱ्याला, परीक्षितला, सांगितलं. "छान," म्हणाला, "पण एवढ्या उन्हाळ्यात कशाला?" जणू कविता एसीत लिहिता येत नाहीत. त्याच्या यार्डात तेलाच्या टाक्यांचं मोठं काम अडकलंय. त्याला सध्या टाकीखेरीज काही दिसत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज कसीद्याची रचना शिकले. आधी ऋतूचं वर्णन. मग हळूच वळण घेऊन राजाकडे यायचं. मग स्तुती, जमेल तितकी. मग स्वतःसाठी काहीतरी मागायचं आणि शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं.

मी हसायलाच लागले. हे तर माझं मानपत्र! मंडळाची सगळी मानपत्रं गेली कित्येक वर्षं मीच लिहिते. पुणे-नाशिककडच्या निम्म्या निवृत्त इंजिनियरांच्या बैठकीत माझे अनुप्रास चौकटीत टांगलेले आहेत. 'वाळवंटातही वसंत फुलवणारे' ही ओळ मी निदान चौघांना दिली असेल. चौघेही रडले होते.

ताहिराबाईंनी आणखी एक सांगितलं. फारसीत 'खुश आमदीद' म्हणजे स्वागत असो. त्यातल्याच 'खुश आमद'ची आपण खुशामत करून टाकली. त्या म्हणाल्या, "शब्द आमच्या घरून सज्जन निघाला होता."

घरी येऊन लेकीला, शलाकाला, सांगितलं. ती बारावीचा केमिस्ट्रीचा धडा वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "सो बेसिकली आई, यू आर द कोर्ट पोएट." मला राग आला. माझ्यावर कोणी जबरदस्ती करत नाही. मी आनंदाने लिहिते.

३० जुलै, बुधवार

परीक्षित आज भर दुपारी घरी आला. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. सगळी यार्डं बंद असतात आणि हा ऑफिसात बसून कागद उरकतो. आज सरळ घरी आला तो न्हाणीघरात. बराच वेळ पाणी वाहत होतं. बाहेर आला तेव्हा कामाचे कपडे स्वतःच मशीनला लावले. लग्नाला बावीस वर्षं झाली, मशीनमध्ये साबण कुठे घालतात हे त्याला आज प्रथमच कळलं.

जेवला नाही. बीपी वाढलं असणार, म्हणून त्याची गोळी दिली. तीन महिने झाले, तपासायला जा म्हणते आहे.

संध्याकाळी मात्र गंमत झाली. गॅलरीत बसला होता, समुद्राकडे तोंड करून. आपणहून म्हणाला, "तुझा तो कवी. नाही म्हणाला, त्याचं पुढे काय झालं?"

मी खूश! तुरुंगाचं सगळं रंगवून सांगितलं. त्याने विचारलं, "बायको होती त्याला? पोरंबाळं?"

"पुस्तकात नाही."

"असतील," म्हणाला आणि उठून आत गेला. म्हणजे एकूण विषयात रस आहे गड्याला.

३ ऑगस्ट, रविवार

वाईट बातमी. परीक्षितच्या कंपनीतला काशिनाथ गुरव गेला. राजापूरकडचा, परांची बांधणारा, म्हणजे उंचावरच्या कामासाठी बांबू-नळ्यांचा सांगाडा उभा करणारा. बुधवारी दुपारी खोलीवर झोपला होता, झोपेतच गेला म्हणतात. वय बेचाळीस. गणपतीत मंडळाची आरास उभी करायला यायचा. बांबूवर मांजरासारखा चढायचा आणि वरून "वहिनी, चाय" म्हणून ओरडायचा.

परीक्षितला म्हटलं, "तुला बुधवारीच कळलं असेल. सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" म्हणाला.

देह गावी पाठवायचं काम मंडळ बघतंय. घरच्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला बोलता येतं असा सगळ्यांचा समज आहे. काशिनाथच्या बायकोला, मालनला, फोन लावला. ती रडत नव्हती. एकच विचारलं, "ते कुठं पडले?"

मी सांगितलं, खोलीत, झोपेत, काही त्रास झाला नाही. चांगल्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाली, "दुपारचे झोपायचे नायत ते. कधीच नाय."

फोन स्पीकरवर होता. परीक्षित ताटावरून उठला.

१० ऑगस्ट, रविवार

राजाभाऊंचा फोन. रौप्यमहोत्सवात अजयदादांचा सत्कार करायचाय, मानपत्र माझ्याकडे. अजयदादा म्हणजे परीक्षितच्या कंपनीचे मालक. साताऱ्याहून वेल्डर म्हणून आले होते. आज शेकडो माणसं त्यांच्याकडे कामाला आहेत. काशिनाथचा देह त्यांनीच धावपळ करून लवकर पाठवला. कागदपत्रांसाठी एकेका दारात स्वतः उभे राहिले, विमानतळावर पेटीला हात लावून रडले. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी.

त्यामुळे लेखणी भराभर चालली. सिराजचा कसीदा डोक्यात होताच, त्याच चालीवर बांधलं. वाळवंट, वळण, स्तुती. संध्याकाळी परीक्षितला वाचून दाखवलं. 'कामगारांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारे' या ओळीला तो म्हणाला, "ती ओळ काढ."

"का?"

"लय बिघडतेय."

लय! ह्याला! मी म्हटलं, "गेल्या वर्षी तुला जनरल मॅनेजर केलं नाही, ते अजून मनात ठेवलंयस तू." दार न आपटता बाहेर गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ओळ ठेवली आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस वाया गेला. दिवसच नव्हे, सगळंच.

ताहिराबाईंनी भाच्याकरवी तेहरानहून सिराजच्या कवितांची छापील प्रत मागवली होती. आज आम्ही उघडली. अनुक्रमातच त्यांचं बोट थांबलं. 'कालव्याच्या पूर्णतेबद्दल अमिराची स्तुती.'

त्याने लिहिला होता. नाही म्हणालाच नव्हता. चांगला लांबलचक, खणखणीत कसीदा आहे:

*अंधार पोखरून पाणी तू चालवत आणलंस, अमिरा,*
*आता ढग तुझ्या दारी ओंजळ पसरून उभे.*

गाडल्या गेलेल्या माणसांबद्दल एक अक्षर नाही. दोन ओळींच्या मध्ये त्याने काही लपवलंय का, कुठे दुहेरी अर्थ आहे का, म्हणून मी ताहिराबाईंना पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "नाही, खानुम. सुंदर आहे आणि पोकळ आहे."

"पण तुरुंगात तर गेला होता!"

"गेला. बऱ्याच वर्षांनी. दरबारात कोणाशी तरी भांडण झालं, एका घोड्यावरून." त्यांनी मागची पानं काढली. तुरुंगातल्या कविता बहुतेक विनवण्यांच्या आहेत. मला सोडा, थंडी वाजते, जुना चाकर आहे. फक्त एका कवितेत मध्येच दोन ओळी आल्या:

*पाण्याची स्तुती केली मी, चव विचारली नाही;*
*आज घोटभर येतं कोठडीत, ते खारट लागतं.*

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "मग आता मी रंगमंचावर काय दाखवू? हा तर कधीच नाही म्हणाला नाही."

ताहिराबाई चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "तुला त्याची परवानगी हवी होती का?"

कसली परवानगी? त्यांचा प्रश्न मला कळला नाही. त्यांचं इंग्रजी कधीकधी तुटक असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मालनचा फोन आला. काशिनाथच्या खोलीत राहणारा प्रीतम सुट्टीवर गावी गेलाय, तो तिला भेटून आला. "बाई, प्रीतमदादा बोलला, त्या दुपारी ते खोलीत नव्हतेच. मागाहून आणून निजवलं. तुमी मला खोलीत बोललात."

"मला तसंच सांगितलं होतं, मालन."

"तुमाला फसवलं, मला फसवलं, ते जाऊ दे. मला कुठं ते सांगा. पोरगी इचारते, बाबा कशानं गेले. मी काय सांगू? झोपले नि उठले नायत? असा कोण मरतो?"

मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारायचं, हे तोवर मला माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि त्या बुधवारची दुपार एकदम समोर आली. न्हाणीघरातलं पाणी. मशीन.

परीक्षित संध्याकाळी आला. मी चहासुद्धा टाकला नाही. विचारलं, "काशिनाथ कुठे पडला?"

तो बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिला.

"यार्डात," म्हणाला. "माझ्यासमोर."

मग सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. टाकीभोवतीची परांची उतरवायची राहिली होती. अजयदादांचा फोन आला, थोडंच काम आहे, फाटक बंद करून उरकून घ्या, कोण बघतंय. "मी म्हटलं, दादा, बावन्न डिग्री आहे. ते म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो. मग मी पोरांना चढा म्हटलं. मीच म्हटलं, ज्ञानदा. काशिनाथ मध्येच खाली आला. म्हणाला, साहेब, पिवळं दिसतंय सगळं. मी म्हटलं, बस जरा सावलीत. सावलीच नव्हती तिथे. टाकीला टेकून बसला, तो बसलाच."

"दवाखान्यात?"

"आधी खोलीवर नेलं. कपडे बदलले. मग ॲम्ब्युलन्स बोलावली."

"जिवंत होता?"

परीक्षितने बूट खाली ठेवला. "श्वास चालू होता," म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या नवऱ्याच्या हाताला काशिनाथच्या अंगाची आग लागली असणार, आणि मी त्याला बीपीची गोळी दिली होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बोललो नाही एकमेकांशी. खूप राग आहे. त्याचा जास्त की माझा, सांगता येत नाही. त्याने काशिनाथला उचलून खोलीत नेलं, आणि 'झोपेत, त्रास झाला नाही' हे त्याच्या बायकोला गोड आवाजात मी सांगितलं.

भीतीही आहे, ती का लपवू? आमचा इथे राहायचा परवाना ह्या नोकरीवर. शलाकाची बारावी. पुण्याचं घर भाड्याने दिलेलं. मालनला काय ते हळूच सांगून टाकावं आणि पुढे जावं, असंही दुपारी मनात आलं. संध्याकाळपर्यंत ते मनातून गेलं. कसं गेलं माहीत नाही. शलाका माझ्याशेजारी येऊन बसली होती. तिने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. मराठीत म्हणाली, "आई, बाबा तुरुंगात जातील?" इतक्या वर्षांत प्रथमच अख्खं वाक्य मराठीत.

मी म्हटलं, "माहीत नाही. पण खोटं नाही बोलणार आता आपण."

मग राजाभाऊंना फोन केला. मानपत्र देणार नाही म्हणून सांगितलं.

"अहो, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे."

"मग नुसतं लिहून द्या, वाचेल दुसरं कोणी. नाव नको घालायला तुमचं."

"नाव घालायचं असतं तरच लिहिलं असतं, राजाभाऊ." कारणही सांगितलं. वाईट माणूस नाही. घाबरट आहे, माझ्यासारखाच. म्हणाले, "मग ज्ञानदाताई, तुमचं अभिवाचनही त्या कार्यक्रमात… तुम्हीच समजून घ्या."

समजून घेतलं. लिहून ठेवलेलं मानपत्र फाडलं. अनुप्रास चांगले जमले होते, हे फाडताना जाणवलंच.

२६ ऑगस्ट, मंगळवार

अजयदादा घरी आले. सोबत बकलाव्याचा डबा. सोफ्यावर बसले, शलाकाला बारावीचं विचारलं. मग म्हणाले, "वहिनी, मानपत्र तुमच्याच हातचं पाहिजे होतं मला. मी शिकलेला माणूस नाही. तुमच्यासारख्यांनी दोन शब्द लिहिले की वाटतं, काहीतरी केलं आपण."

ते खरंच बोलत होते. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

परीक्षित म्हणाला, "दादा, मी कामगार खात्यात जबाब देणार आहे."

अजयदादांनी पाण्याचा ग्लास ठेवला. "मी रडलो नाही का त्याच्यासाठी? माझ्याच माणसांतला होता तो. पण गेलेला येणारे का परत? आणि जबाबाचं म्हणशील, तर यार्डात त्या दिवशी साहेब कोण होता? मी इकडे शर्कमध्ये ऑफिसात. चढा कोण म्हणालं? अडकशील तू, परीक्षित. मला वकील आहेत."

"माहीत आहे," परीक्षित म्हणाला. "चढा मी म्हणालो. तेच सांगणार आहे. तुमचा फोन आला होता, तेही सांगणार आहे."

"वहिनी, तुम्ही तरी समजवा."

मी म्हटलं, "दादा, मीच त्याच्याबरोबर जाणार आहे."

ते गेले. बकलावा मी त्यांच्या ड्रायव्हरच्या हाती परत दिला. दार लावून वळले. पाच दिवसांनी आज प्रथम परीक्षितजवळ बसले.

२ सप्टेंबर, मंगळवार

जबाब झाला. परीक्षितने इंग्रजीत सांगितलं, दुभाष्याने अरबीत लिहून घेतलं. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "हे तुझ्याच विरुद्ध जातं, कळतंय ना?" परीक्षित म्हणाला, "हो." काशिनाथबरोबर परांचीवर चढलेल्यांपैकी एकजण बाहेर बाकावर येऊन बसला होता. आम्ही बोलावलं नव्हतं. आम्हाला पाहून उठला आणि आत गेला.

चौकशी पुरी होईपर्यंत परीक्षितला देश सोडता येणार नाही. नोकरी काल संध्याकाळीच गेली. वकील म्हणतो, शिक्षा होईल की नाही, आज सांगता येत नाही. शलाका परीक्षा इथूनच देणार म्हणते. मी शिकवण्या धरते आहे.

ताहिराबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कोणतंही शहाणपण सांगितलं नाही. पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "चल, पुढचं पान." सिराजचं चरित्र मी लिहिणारच आहे, रंगमंच असो वा नसो. कालव्याचा कसीदा त्यात अख्खा घालणार, सुंदर आहे तसाच. त्याला मी हिरो करणार नाही आणि नालायकही नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज रौप्यमहोत्सव. आम्ही घरीच होतो. मानपत्र कोणी लिहिलं, विचारलं नाही.

संध्याकाळी परीक्षित म्हणाला, "मालनला फोन लाव. मला बोलायचंय." जबाब दिल्या दिवसापासून रोज म्हणायचा, उद्या बोलतो. मी स्पीकरवर लावून दिला आणि आत जायला लागले. त्याने माझा हात धरून बसवलं.

"मालनताई, मी परीक्षित. काशिनाथचा साहेब." मग त्याने सांगितलं. ऊन, परांची, आपण चढा म्हटलं ते, काशिनाथ टाकीला टेकून बसला ते, खोली, कपडे. काही वगळलं नाही. सांगताना एकदाही 'कंपनीने' म्हणाला नाही, 'मी' म्हणाला.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग मालनने विचारलं, "पाणी होतं जवळ?"

"होतं. मी पाजलं. दोन घोट प्यायला."

"काय बोलले?"

"पिवळं दिसतंय म्हणाला. आणि वर अजून दोन पोरं आहेत, त्यांना उतरवा म्हणाला."

आता ती रडली. दीड महिन्यात मी तिचं रडणं पहिल्यांदा ऐकलं. परीक्षित फोन हातात धरून बसून राहिला. माफ करा म्हणाला नाही. ते शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलेले मला दिसत होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "साहेब, तुमाला मी माफबिफ नाय करणार."

"नका करू," परीक्षित म्हणाला.

"उतरवलंत काय त्यांना? त्या दोघांना?"

"उतरवलं. लगेच."

"हां," मालन म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा, पोरीला बोलवते. तिला तुमीच सांगा, ते शेवटचं काय बोलले ते. माझ्याकडून नीट सांगून होणार नाय."

आणि अंगणात ती मुलीला हाक मारत गेली, ती हाक आम्हा दोघांना ऐकू येत होती.